जासईच्या वेशीवर घर घेताना

पनवेलहून उरणकडे निघालेली एसटी गव्हाण फाटा ओलांडून पुढे सरकली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फलक सुरू होतात. ‘विमानतळापासून दहा मिनिटे’, ‘अटल सेतूच्या पायथ्याशी’, ‘मुंबई आता शेजारी’. फलकांच्या मागे कंटेनर ओढणाऱ्या ट्रेलरची रांग, तिच्या मागे कुठे अर्धवट भरावाची जमीन, तर कुठे खारफुटीची हिरवी कड. मुंबई-ठाण्यात घर घेणे ज्यांच्या आवाक्याबाहेर गेले त्या मध्यमवर्गीयाची नजर गेल्या काही वर्षांत या पट्ट्यावर खिळली आहे. उलवे आणि द्रोणागिरी या सिडकोच्या दोन नोडच्या मधोमध, खाडी आणि डोंगर यांच्या सांदीत वसलेले जासई हे या पट्ट्याचे नाक म्हणावे लागेल. मात्र येथील जमिनीचा इतिहास ठाऊक नसताना येथे घर घेणे म्हणजे दुसऱ्याच्या भांडणात स्वतःचे पैसे ठेवणे होय, आणि हे भांडण साधे नाही.

जासई हे शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांचे जन्मगाव. 13 जानेवारी 1926 रोजी ते येथे जन्मले, पाच वेळा पनवेलचे आमदार झाले आणि 24 जून 2013 रोजी निवर्तले. 1970 च्या मार्चमध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित करण्यास सुरुवात झाली. भाताची खाचरे आणि मिठागरे यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी समाजाला हाती पडणारा मोबदला मान्य नव्हता. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी जासई, दास्तान फाटा आणि नवघर परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांचा बळी गेला. त्यांच्या स्मरणार्थ जासईत दरवर्षी जानेवारीत अभिवादनाचा कार्यक्रम होतो. विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे म्हणून 2021 मध्ये हजारो भूमिपुत्र पुन्हा रस्त्यावर उतरले, त्यामागेही हीच आठवण होती.

घर घेणाऱ्याला हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, तो ज्या इमारतीत सदनिका पाहत असतो तिची जमीन बहुधा याच आंदोलनातून आलेली असते. आंदोलनाच्या रेट्यामुळे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याची योजना आली. सिडको क्षेत्रासाठी 6 मार्च 1990 चा शासन निर्णय आणि 28 ऑक्टोबर 1994 ची त्यातील सुधारणा, ही तिची दोन मुख्य पाने. विमानतळबाधितांसाठी पुढे साडेबावीस टक्क्यांचे स्वतंत्र पॅकेज आले. उलवे-द्रोणागिरीतील खासगी इमारतींचा मोठा हिस्सा या ‘साडेबारा टक्के’ भूखंडांवर उभा आहे. दलालाच्या तोंडी मात्र तो ‘बारा-पाॅइंट-पाचचा प्लॉट’ असतो आणि त्याचा अर्थ काय, हे विचारणारा ग्राहक विरळाच.

साडेबारा टक्क्यांचे गणित

समजा एका कुटुंबाची एक हेक्टर, म्हणजे 10,000 चौरस मीटर जमीन गेली. तिचे साडेबारा टक्के म्हणजे 1,250 चौरस मीटर. त्यातून सामाजिक सुविधा व सार्वजनिक उपयोगासाठी 30 टक्के वजा होतात. हाती उरतात 875 चौरस मीटर, म्हणजे मूळ जमिनीच्या पावणेनऊ टक्के. योजनेत या भूखंडावर दीड चटई निर्देशांक आणि 15 टक्क्यांपर्यंत वाणिज्य वापर अनुज्ञेय ठरला. भूखंडाची मालकी शेतकऱ्याकडे येत नाही. तो 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो. हा काळ वाढविण्याचे आणि जमीन मालकी हक्काने देण्याचे निर्णय अलीकडच्या काळात जाहीर झाले असले तरी, आपल्या इमारतीच्या भूखंडाला त्यातले नेमके काय लागू झाले, हे त्या भूखंडाच्या कागदांवरूनच कळते. वर्तमानपत्राच्या कात्रणावर विसंबून चालत नाही.

शेतकऱ्याजवळ इमारत बांधण्याएवढे भांडवल नसते. म्हणून तो विकासकाला सोबत घेतो, आणि सिडको, मूळ भूखंडधारक व विकासक यांच्यात त्रिपक्षीय करार होतो. हा करार हा सगळ्या व्यवहाराचा कणा. तो नसेल आणि विकासक केवळ शेतकऱ्याने दिलेल्या कुलमुखत्यारपत्रावर सदनिका विकत असेल, तर सावध व्हावे. मुखत्यारपत्र देणारा मरण पावला की साधारणपणे ते संपते. इमारत आणि तीत राहणारे मात्र मागे उरतात.

या बाजारातील एक जुना प्रघात ‘फाइल’ विकण्याचा. भूखंडाचे वाटप व्हायचे असते, तो कोणत्या सेक्टरमध्ये पडणार हेही ठरलेले नसते, तेव्हाच शेतकऱ्याचा हक्क कागदावर विकला जातो. पैशाची निकड असलेल्या कुटुंबाने एका मध्यस्थाला दिलेली फाइल दोन-तीन हात फिरून विकासकाकडे पोहोचते. प्रत्येक हस्तांतरात नवा करार, नवी विसार पावती आणि नवा हक्कदार. वाटप झाल्यावर भाव वाढलेला दिसतो आणि घरातल्या घरात प्रश्न उभा राहतो की, फाइलवर सही केली कोणी?

इथेच बहिणींचा विषय येतो. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये हिंदू वारसा कायद्यात बदल करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांबरोबरीचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात हा हक्क जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. लग्न होऊन पेणला किंवा अलिबागला गेलेल्या बहिणीची सही न घेता भावांनी केलेला करार ही केवळ घरगुती कुरबूर राहत नाही. तिने दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि मनाई हुकूम मिळवला, तर सहाव्या मजल्यापर्यंत आलेले बांधकाम तिथेच थांबते. घर घेणाऱ्याचे हप्ते मात्र थांबत नाहीत. बहिणीची बाजू अन्याय्य असते असेही नाही. तिचा वाटा खरोखरच डावलला गेलेला असतो. म्हणूनच भूखंडधारकाच्या वारसांची यादी, वारसनोंद आणि ज्यांनी हक्क सोडला त्यांची नोंदणीकृत हक्कसोडपत्रे मागून घेणे हे ग्राहकाच्या हिताचे आहे. नोटरीसमोरचे हक्कसोडपत्र या कामी पुरत नाही.

रेराच्या चाळणीतून निसटणारी इमारत

1 मे 2017 पासून राज्यात स्थावर संपदा कायदा पूर्णपणे अमलात आला आणि महारेराची नोंदणी हा ग्राहकाचा पहिला आधार ठरला. नोंदणीकृत करार करण्यापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात, ताबा रखडल्यास व्याजासह परतावा मागता येतो आणि ताब्यापासून पाच वर्षांत रचनेत दोष निघाल्यास विकासकाला स्वखर्चाने दुरुस्ती करून द्यावी लागते. ‘सुपर बिल्ट-अप’च्या फुगवट्याऐवजी चटई क्षेत्रावर किंमत लावण्याची सक्तीही याच कायद्याने आली.

तथापि, कायद्याच्या कलम 3 मध्ये एक सवलत आहे. भूखंड 500 चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर नोंदणी बंधनकारक नाही. आता वरचे गणित पुन्हा मांडावे. अर्ध्या हेक्टरच्या शेतकऱ्याला परत मिळतो 437.5 चौरस मीटरचा भूखंड. म्हणजे अल्पभूधारकाच्या वाट्याच्या भूखंडावरील इमारत, ती कितीही मजली असो, रेराच्या नोंदणीतून सुटू शकते. या भागात अशा लहान भूखंडांची वानवा नाही. नोंदणी क्रमांक नाही म्हणजे फसवणूकच, असे म्हणता येत नाही. पण नोंदणी नसल्याने संकेतस्थळावर ना मंजूर नकाशा दिसतो, ना पूर्णत्वाची तारीख, ना खटल्यांची माहिती. अशा इमारतीला 1963 चा मोफा कायदा लागू राहतो. त्यात करारापूर्वी 20 टक्क्यांपर्यंत रक्कम घेण्याची मुभा आहे. रेराखाली जे विकासकाने स्वतःहून दाखवायचे, ते येथे ग्राहकाने मागून घ्यायचे असते. मागताना संकोच बाळगू नये. वाटपपत्र, भाडेकरार, त्रिपक्षीय करार, बांधकाम परवानगी आणि जोते तपासणीचा दाखला यांच्या प्रती देण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाण्याचे कारण नाही.

गावठाणातील इमारतींची गोष्ट आणखी वेगळी. कुटुंब वाढले, सिडकोकडून भूखंड मिळण्यास उशीर झाला, म्हणून ग्रामस्थांनी गावठाणालगत जी घरे बांधली त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ असे नाव पडले. ती नियमित करण्याचे निर्णय 2022 आणि 2024 मध्ये झाले. हे निर्णय प्रकल्पग्रस्ताच्या निवाऱ्यासाठी आहेत. त्यांचा आधार सांगून चार मजले चढवायचे आणि वरचे गाळे बाहेरच्या माणसाला विकायचे, हा प्रकारही नवी मुंबईभर चालतो. भाव निम्मा असतो, बँक कर्ज देत नाही, आणि भोगवटा प्रमाणपत्राचा विषय निघाला की ‘नंतर होऊन जाईल’ असे उत्तर मिळते. बँकेने नाकारलेली इमारत ही ग्राहकाला फुकटात मिळालेली कायदेशीर सल्लागिरीच समजावी.

अंतराचे आणि काळाचे भाव

या पट्ट्यात घराबरोबर भविष्यही विकले जाते. नवी मुंबई विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मान्यता 2007 मध्ये मिळाली, पर्यावरण मंजुरी 2010 च्या नोव्हेंबरमध्ये, भूमिपूजन 18 फेब्रुवारी 2018 रोजी झाले, उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी आणि प्रत्यक्ष प्रवासी विमान उडाले 25 डिसेंबर 2025 रोजी. ज्याने पहिल्या बातमीवर घर घेतले त्याने 18 वर्षे वाट पाहिली. त्याची मुले शाळेत जाऊन महाविद्यालयातून बाहेरही पडली असतील. उरण रेल्वेचेही तसेच. खारकोपरपर्यंतची लोकल 2018 च्या नोव्हेंबरमध्ये आली. तेथून उरण गाठायला 12 जानेवारी 2024 उजाडावा लागला. त्याच दिवशी शिवडीहून निघून चिर्ले येथे उतरणाऱ्या 21.8 किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. सेतूचा एक उतार जासईजवळच आहे. सुरुवातीला मोटारीला एका फेरीचा पथकर 250 रुपये ठरला. महिन्यातून 22 दिवस ये-जा करणाऱ्याने या दराने हिशेब मांडला तर तो 11,000 रुपयांवर जातो (पासाची सवलत वगळून). गृहकर्जाच्या हप्त्यात हा आकडा मिळवूनच घर परवडते की नाही, हे ठरवावे.

भावाचा अंदाज घ्यायचा तर सिडकोचीच दरपत्रिका हाताशी ठेवणे बरे. ‘माझे पसंतीचे सिडकोचे घर’ या 26,000 घरांच्या योजनेत 2025 च्या जानेवारीत जाहीर झालेले आर्थिक दुर्बल गटाचे दर बामणडोंगरीत 31.9 लाख आणि खारकोपरला 38.6 लाख रुपये होते. ते ऐकून अर्जदारांनी नाराजी व्यक्त केली आणि ती रास्तच होती. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा सहा लाख ठेवायची आणि घर अडतीस लाखांना द्यायचे, हे गणित कोणत्या बँकेत बसते? तरीही सरकारी घराची किंमत एवढी असताना खासगी विकासक शेजारी त्याहून फार स्वस्तात घर देत असेल, तर त्या स्वस्ताईचे कारण शोधले पाहिजे.

किमतीवर चढणारे इतर खर्चही आहेत. बांधकाम सुरू असलेल्या घरावर पाच टक्के जीएसटी लागतो. मुंबई महानगर प्रदेशात 60 चौरस मीटर चटई क्षेत्रापर्यंतच्या व 45 लाखांपर्यंतच्या घराला एक टक्का. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर घेतलेल्या घराला तो लागत नाही. नोंदणी शुल्क एक टक्का, कमाल 30,000 रुपये. घर महिलेच्या नावे असल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सूट मिळते.

सदनिकेऐवजी मोकळा प्लॉट घेणाऱ्यांचा वर्गही मोठा आहे. जासईपासून चिरनेरच्या दिशेने गेले की ‘एनए प्लॉट’ची कार्यालये दिसू लागतात. येथे गुंठा हे माप चालते. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला घेता येत नाही, हा कुळकायद्याच्या कलम 63 चा नियम सर्वांना ठाऊक असतो, म्हणून एकाच सातबाऱ्यावर दहा-वीस नावे सामाईकात चढविण्याची किंवा नुसत्या साठेखतावर पैसे घेण्याची युक्ती निघते. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कुळाचे नाव, बँकेचा बोजा किंवा संपादनाची नोंद आहे का, जमीन भोगवटादार वर्ग-2 ची आहे का, हे पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. शिवाय 2024 च्या ऑक्टोबरमध्ये उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील 124 गावांच्या 323.44 चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी कर्नाळा-साई-चिरनेर नवनगराची घोषणा होऊन एमएमआरडीएकडे नियोजन गेले. गावकऱ्यांनी हरकती नोंदविल्या. अशा क्षेत्रातील प्लॉटवर उद्या रस्ता पडेल की बाग, हे विक्रेत्याला माहीत नसते. तरीही तो छातीठोकपणे सांगतो.

खारे पाणी आणि मऊ माती

आता किनाऱ्याविषयी. हा सारा मुलूख खारभूमीचा. समुद्राला बांध घालून, उघाड्यांवाटे ओहोटीला पाणी सोडून आणि भरतीला अडवून पूर्वजांनी येथे भात पिकविला. तो बांध फुटला की शेत खारे होते, हे येथील म्हाताऱ्यांना सांगावे लागत नाही. सिडकोनेही नवी मुंबईत सखल भागांसाठी धारण तलावांची रचना केली, कारण भरतीच्या वेळी पावसाचे पाणी समुद्रात जाऊ शकत नाही. मागील काही वर्षांत भराव वाढले, खाडीची तोंडे आखडली आणि खाडीकाठच्या गावांत उधाणाचे पाणी शिरण्याच्या तक्रारी वाढल्या. उंच भरावावरील नवी इमारत कोरडी राहते. पाणी शेजारच्या जुन्या गावात जाते. ग्राहकाला हे दिसत नाही, कारण तो मे महिन्यात घर पाहायला येतो.

सागरी किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना 19 फेब्रुवारी 1991 ची, नंतरच्या 2011 आणि 2019 च्या. 2019 च्या अधिसूचनेने खाडीलगतचे नियंत्रण 100 मीटरवरून 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेथवर आणले. खारफुटीच्या बाबतीत मात्र ढिलाई नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 च्या ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा 17 सप्टेंबर 2018 रोजी खारफुटीची तोड व तिच्याभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यातील बांधकाम यांना मनाई केली. रात्रीत डेब्रिज टाकून खारफुटी मारायची आणि चार वर्षांनी तेथे ‘सी-व्ह्यू’ विकायचा, अशा प्रकाराने तयार झालेल्या जमिनीवरील परवानगी न्यायालयात टिकेलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही. भूखंडाचा गट क्रमांक किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या 1:4000 प्रमाणातील नकाशावर कोठे पडतो, हे वास्तुविशारदाकडून लेखी घ्यावे.

विमानतळाच्या सान्निध्यामुळे इमारतीच्या उंचीवरही बंधन येते. भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे उंचीविषयक ना-हरकत पत्र नसताना वरच्या मजल्यावरील सदनिका आरक्षित करणे धाडसाचे ठरते.

खारी हवा सळईला खाते. भारतीय मानक 456 नुसार किनारी हवेला उघड्या असलेल्या काँक्रीटसाठी किमान एम-30 प्रत आणि सळईवर 45 मिलिमीटरचे आच्छादन अपेक्षित आहे. मऊ खाडीच्या मातीवर पायाही खोल, बहुधा पाइलचा लागतो. संरचना अभियंत्याच्या अहवालात या तीन गोष्टी एका पानावर सापडतात. विकासकाच्या पुस्तिकेत तरणतलावाला दोन पाने असतात.

पाण्याचा प्रश्न याहून रोजचा. उलवे-द्रोणागिरीला सिडको पेणच्या हेटवणे धरणातून पाणी पुरविते, तर उरणच्या औद्योगिक पट्ट्याची मदार एमआयडीसीच्या रानसई धरणावर आहे. शेजारच्या, दोन वर्षांपूर्वी भरलेल्या सोसायटीच्या सचिवाकडे एप्रिल-मे महिन्यांतील टँकरची बिले विचारली तर नळाला किती पाणी येते याचे खरे उत्तर मिळते. तेथेच आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी: भाडेपट्टा सोसायटीच्या नावे झाला का? अनेक इमारतींत लोक राहायला येऊन वर्षे लोटली तरी सिडकोच्या दप्तरी भूखंड मूळ शेतकरी आणि विकासक यांच्याच नावे असतो. पुनर्विकासाची वेळ आल्यावर सगळे जागे होतात.

जुलै-ऑगस्टमधल्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला, उधाणाच्या भरतीची वेळ पाहून, पाऊस पडत असताना भूखंडावर एक चक्कर मारावी. छत्री असावी, गमबूट असावेत आणि दलाल सोबत नसावा. पाणी कोणत्या नाल्याने येते आणि कोठवर चढते, हे नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर बसलेला गावातला कोणीही वयस्क माणूस हात करून दाखवितो.